विमला सिस्टरची प्रार्थना

घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या चढावर एक बैठी चाळ होती. तिच्या शेवटच्या खोलीत विमला आल्हाट राहायची. बहुतेक नोकरी महापालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून झालेली, त्यामुळे चाळीत काय आणि चर्चमध्ये काय, तिला विमलाबाई कोणी म्हणत नसे. सगळ्यांची ती सिस्टर. लग्न केलं नव्हतं. वडील नगरकडे मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते लवकर गेले. आई म्हातारपणी तिच्याकडे येऊन राहिली आणि याच खोलीत गेली. त्यानंतर घरात बोलणारं कोणी नव्हतं. सिस्टर संध्याकाळी ट्रान्झिस्टर लावायची, तो बातम्यांसाठी नव्हे, खोलीत आवाज असावा म्हणून.

त्या भागातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीला तेव्हा स्वतःची इमारत नव्हती. रविवारी एका शाळेचा हॉल मिळायचा. बाकं सरकवायची, फळ्यावरची गणितं पुसायची, टेबलावर पांढरी चादर घालायची, की झालं चर्च. बुधवारी संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थना असायची, आणि या बुधवारांनीच सिस्टरचं नाव झालं.

सुरुवात प्रेमा पाटोळेच्या घरून झाली. तिच्या मुलीला टायफॉइड झाला होता. सिस्टरनं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवशी ताप उतरला. औषधं चालू होती म्हणून उतरला, असं सिस्टर स्वतःच म्हणाली. पण ते प्रेमाला ऐकायचं नव्हतं. मग कोणाची बदली रद्द झाली, कोणाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मूल झालं. "सिस्टरची प्रार्थना लागू पडते," असं बायका एखाद्या डॉक्टरच्या गोळीबद्दल बोलावं तसं बोलायला लागल्या.

आवाज तिला चांगला होता. खालच्या पट्टीत सुरू व्हायचा आणि हळूहळू चढायचा. पहिली काही वर्षं ती जे बोलायची ते पोटातून बोलायची. पुढं पुढं असं व्हायला लागलं की बुधवारी दुपारी भांडी घासताना संध्याकाळची वाक्यं तोंडात घोळायची. इथं थांबायचं, इथं आवाज उतरवायचा. प्रार्थना चालू असताना पापण्या जराशा उघडून ती बघायची, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलंय. हे बरं नाही, हे तिला कळत होतं. पण घरी परत आल्यावर कोणी तिची वाट बघत नसे, आणि त्या बायका निघताना तिचा हात दोन्ही हातांत धरून "सलाम सिस्टर, फार बरं वाटलं" म्हणायच्या. त्या उबेवर तिचा पुढचा आठवडा निघायचा.

पंच्याऐंशी साली जयवंत भिंगारदिवे आजारी पडला.

जयवंत आग्रा रोडवरच्या एका कारखान्यात टर्नर होता. बायको नलिनी. दोघं विक्रोळी पार्कसाईटला राहायची, भटवाडीतून टेकडीच्या कडेकडेनं चालत गेलं तर जवळच. मूलबाळ नव्हतं. त्याची आई अंजनाबाई गावी, राहुरीजवळ. जयवंतला कावीळ झाली. आधी गावठी औषध झालं, मग हॉस्पिटल. सिस्टर त्याला बघायला गेली तेव्हा त्यानं तिला ओळखलं नाही. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट तट्ट फुगलेलं, हाताचे पंजे थरथरत होते. प्रसूतिगृहात येण्याआधी तिनं जनरल वॉर्डात नोकरी केली होती. असा पेशंट घरी जात नाही, हे तिला कॉटच्या पायथ्याशी उभं राहिल्या राहिल्या समजलं.

त्या बुधवारची प्रार्थना नलिनीच्या घरी ठेवली होती. खोली माणसांनी भरली, काही बाहेर गॅलरीत उभी होती. सगळी बसल्यावर नलिनी सिस्टरजवळ आली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, गावी तार करू का? आईंना बोलावून घेऊ? तुम्ही बघून आलात ना यांना. काय वाटतं?"

कर, आजच कर. एवढंच म्हणायचं होतं. पण खोलीतली सगळी माणसं सिस्टरच्या तोंडाकडे बघत होती. ती माणसं मृत्यूची बातमी ऐकायला आली नव्हती. सिस्टर म्हणाली, "आधी प्रार्थना करू."

आणि तिनं प्रार्थना केली. अशी प्रार्थना तिनं आधी कधी केली नव्हती, असं लोक पुढं सांगायचे. "प्रभो, येत्या रविवारी तुझा सेवक जयवंत आपल्या पायांनी चालत उपासनेला येईल आणि सगळ्यांसमोर साक्ष देईल," हे वाक्य तिच्या तोंडून निघालं तेव्हा बायका हुंदके देत होत्या. आमेन झाल्यावर नलिनीनं पदरानं तोंड पुसलं. चेहरा उजळला होता तिचा. "मग तार नको," ती म्हणाली. "आई उगाच घाबरतील. बरे झाले की आम्हीच जाऊ गावी."

सिस्टर काही बोलली नाही. चहा आला तो प्याली.

जयवंत शुक्रवारी गेला. तार त्यानंतर गेली. अंजनाबाई एसटीनं येऊन पोचली तोवर माती देऊन झाली होती. काविळीचं शरीर, थांबवता येईना. म्हातारीला मुलाचं तोंडही दिसलं नाही.

सिस्टरला ही बातमी प्रेमानं येऊन सांगितली. ती ऐकताक्षणी तिच्या मनात पहिला विचार आला तो जयवंतचा नव्हता, नलिनीचाही नव्हता. आता लोक माझ्या प्रार्थनेबद्दल काय म्हणतील, असा तो विचार होता. तो आला आणि गेला, पण त्याला येताना तिनं बघितलं. प्रेमा रडत होती. सिस्टर स्टोव्हजवळ तशीच उभी राहिली, आणि दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

लोक काहीच म्हणाले नाहीत, हे जास्त वाईट झालं. "देवाची इच्छा," म्हणाले, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा तिलाच प्रार्थना करायला सांगितलं. तिनं नको म्हणून मान हलवली. त्याच्या पुढच्या बुधवारीही. हळूहळू कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, सिस्टरचा विश्वास डळमळला. कोणी म्हणालं, भाव खातेय. चर्चचे धर्मगुरू, पाळक साहेब, घरी आले. साधा, दमलेला माणूस. दोन मंडळ्या सांभाळायचा.

"सिस्टर, मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "देवाच्या मनात काय असतं, आपल्याला थोडंच कळतं?"

"देवाच्या मनातलं नाही कळत साहेब. माझ्या मनातलं कळत होतं. तो वाचणार नाही हे मला माहीत होतं."

पाळक साहेब म्हणाले, "तुम्ही आशा दिलीत. आशा देणं पाप नाही." त्यांनी डोळे मिटून तिच्यासाठी प्रार्थना केली आणि ते गेले. तिच्या मनावरचं ओझं काही उतरलं नाही.

घरातच प्रार्थना करायची तिनं ठरवलं. कोणी ऐकणार नाही, कोणी रडणार नाही, दार लावून, लहानपणी वडील करायचे तशी. पण चाळीत भरदिवसा दार लावलं की लोकांना वाटतं घरात काहीतरी झालंय. ती गुडघे टेकून बसते न बसते तोच शेजारची शकु दार ठोकायची. "सिस्टर, बरं आहे ना? दार का लावलंय गं?" उघडून सांगावं लागायचं की बरं आहे. शकु आत डोकावून बघायची आणि चहा ठेवू का विचारायची. पुन्हा दार लावून बसलं की शब्दच यायचे नाहीत. आले तर ते जुनेच, चढत्या आवाजाचे, पाठ झालेले. स्वतःशीसुद्धा ती कोणाला तरी ऐकवल्यासारखं बोलत होती. एक दिवस ती मध्येच थांबली आणि नुसती बसून राहिली.

शेवटी ती पार्कसाईटला गेली. नलिनी एकटीच घरात होती. अंजनाबाईला परत गावी सोडून आली होती. सिस्टरनं सगळं सांगितलं. हॉस्पिटलमध्ये काय दिसलं, तारेचं विचारलंस तेव्हा मी का बोलले नाही, सगळं.

नलिनी ऐकत होती. रडली नाही. मग म्हणाली, "हे तुम्ही मला का सांगताय?"

"तुला खरं कळावं म्हणून."

"नाही. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून. आत्तापर्यंत मला वाटत होतं देवानं नेलं. आता मला रोज वाटणार की आईंना बोलवायला वेळ होता. तुमचं ओझं तुम्ही इथं ठेवलंत आणि निघालात." तिनं दार उघडलं. "जा सिस्टर."

टेकडीच्या वाटेनं परत येताना सिस्टरला तिचं एकही वाक्य खोडता आलं नाही.

वर्ष गेलं. सिस्टर रिटायर झाली. चर्चला जायची, मागच्या बाकावर बसायची, आमेनपुरतं तोंड उघडायची. मग कुंदा म्हणून पार्कसाईटची एक बाई रविवारी भेटली. तिच्याकडून कळलं की अंजनाबाई गावी पडली, खुबा मोडला, आणि नलिनीनं तिला मुंबईला आणलंय. नलिनीला जयवंतच्याच कारखान्यात पॅकिंगला घेतलं होतं. ती सकाळी जायची ती संध्याकाळी यायची. म्हातारी दिवसभर एकटी कॉटवर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जागचं हलता येत नाही. कुंदा दुपारी डोकावायची तेवढंच.

सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन दारात उभी राहिली. नलिनी डबा भरत होती.

"मला यांचं करता येतं," सिस्टर म्हणाली. "पाठीला जखमा होऊ देणार नाही."

नलिनीनं डब्याचं झाकण लावलं. तिला कामावर जायचं होतं आणि आत म्हातारी कण्हत होती. "या," ती म्हणाली. "पण प्रार्थना नको. एक शब्दही नको."

"नाही करणार."

"आणि आईंना माहीत नाही तुम्ही कोण ते."

असं ते सुरू झालं. सिस्टर रोज टेकडीच्या कडेनं चालत यायची. म्हातारीला कुशीवर वळवायची, अंग पुसायची, पाठीला पावडर लावायची, बेडपॅन द्यायची, भाकरी दुधात कुस्करून भरवायची. अंजनाबाई तोंडाची फटकळ होती. "हळू गं शिष्टर, म्या काय गोणपाट हाये व्हय?" म्हणायची. दिसायचं नाही, त्यामुळे बोलायची फार. बोलणं फिरून फिरून जयवंतवर यायचं. आणि कधी कधी त्या बाईवर.

"हितं एक परार्थनावाली बाई हाय म्हनं. तिनं सांगितलं, पोरगं बरं व्हनार हाय, म्हातारीला बोलवू नगा. तिच्यापायी माझ्या लेकराचं तोंड मला दिसलं न्हाई. देव तिला बघून घेईल." असं म्हणून ती सिस्टरच्या हातून पाणी प्यायची.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सिस्टरनं पेला खाली ठेवला. बोलावंसं वाटलं. मग नलिनीचं वाक्य आठवलं. मी हे कोणासाठी सांगणार? ती गप्प राहिली. रोज शिव्या ऐकायच्या आणि पाठ पुसायची, ही आपली शिक्षा, असं तिनं मनाशी धरलं. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की या शिक्षेचाही तिला आतून थोडा अभिमान वाटायला लागलाय. देव बघतोय ना, मी किती सोसतेय. परत येताना ती वाटेत थांबली आणि स्वतःचीच तिला शिसारी आली. जिथं जाईन तिथं ही स्वतःला बघणारी बाई माझ्याआधी येऊन बसलेली असते, असं तिला वाटलं.

पण काम काही थांबत नव्हतं. पावसाळ्यात म्हातारीच्या केसांत उवा झाल्या. एका दुपारी सिस्टर तिचं डोकं मांडीवर घेऊन बारीक फणीनं विंचरत बसली. म्हातारीला बरं वाटत होतं. ती गावच्या विहिरीबद्दल, एका खोडकर म्हशीबद्दल काहीबाही बोलत होती, सिस्टर हसत होती, मध्येच उवा मारत होती. कधी ऊन सरकलं कळलं नाही. मग तिला एकदम जाणवलं की इतका वेळ आपण स्वतःला बघितलंच नाही. आपण कशा दिसतोय, देव काय म्हणत असेल, काहीच मनात नव्हतं. फक्त म्हातारीचं डोकं होतं. आणि जाणवलं त्याच क्षणी ते गेलं. ती पुन्हा स्वतःकडे बघायला लागली होती. पण असंही होऊ शकतं, एवढं तिला कळलं.

थंडीत एकदा अंजनाबाईनं तिचा हात चाचपून धरला. "शिष्टर, माझी लेक असती तर तिनं बी एवढं केलं नसतं. तूच माझी लेक."

त्या दिवशी सिस्टर घरी गेली आणि जेवली नाही. शिव्या घेता येत होत्या, त्या तिच्याच होत्या. हे प्रेम मात्र तिचं नव्हतं, ते दुसऱ्याच कोणा बाईला मिळत होतं. ते घ्यायचं असेल तर खरं सांगायला हवं, आणि खरं सांगितलं की ते जाणार. या वेळी हलकं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. उलट जगात तेवढंच एक माणूस तिला आपलं म्हणत होतं.

तिनं आधी नलिनीला विचारलं. नलिनी चप्पल घालत होती. "तुमची मर्जी," ती म्हणाली. "त्यांनी हाकललं तर मी दुसरी सोय बघेन."

मग सिस्टर कॉटजवळ स्टूल घेऊन बसली. "आई, ती प्रार्थनावाली बाई मीच," ती म्हणाली. "जयवंत वाचणार नाही हे मला दिसत होतं. लोकांपुढं बोलवेना म्हणून मी खोटं बोलले. तुम्हाला बोलवू नका असं मी म्हटलं नाही. पण बोलवा, असंही म्हटलं नाही."

म्हातारीनं भिंतीकडे तोंड केलं. "जा," एवढंच म्हणाली.

सिस्टर बाहेर गॅलरीत जाऊन बसली. दुपारी आत येऊन तिनं तिला वळवलं, तेव्हा म्हातारी अंग ताठ करून पडून राहिली, तोंडातून शब्द नाही. भाकरी तिच्या हातून खाल्ली नाही. कुंदानं येऊन भरवली. "उद्या येऊ नगं," संध्याकाळी म्हातारी म्हणाली.

सिस्टर दुसऱ्या दिवशी गेली. तिनं धुणं धुतलं, पाठ पुसली, न बोलता. तिसऱ्या दिवशीही. महिना तसाच गेला. म्हातारी आता तिला शिष्टर म्हणत नव्हती, काहीच म्हणत नव्हती. पण एक दिवस कुंदा आली नाही आणि भूक लागली, तेव्हा म्हातारीनं सिस्टरसमोर तोंड उघडलं. मुकाट्यानं घास घेतला. पुढं बोलणंही थोडं सुरू झालं, कामापुरतं. लेक हा शब्द मात्र पुन्हा आला नाही.

होळीच्या सुमारास अंजनाबाईला खोकला धरला, छातीत घरघर सुरू झाली. डॉक्टर येऊन गेला. दुपारी ती एकदम म्हणाली, "त्या दिवशी माझ्या जयवंतासाठी काय बोलली व्हतीस? सांग मला."

"कशाला आई?"

"तो जित्ता असताना त्याच्यासाठी झालेलं शेवटचं बोलनं ते. मी न्हवते तिथं. सांग."

सिस्टरला शब्दन् शब्द पाठ होता. तिनं तो सांगितला, आवाज न चढवता, बातमी सांगावी तसा. पायांनी चालत येईल, साक्ष देईल, सगळं. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती.

"आवाज ग्वाड हाय तुझा," शेवटी ती म्हणाली. "म्हनूनच लोकं फसली." थोडा दम घेतला. "आता खरं म्हन."

"नलिनीला मी शब्द दिलाय, इथं प्रार्थना नाही करायची."

"घर माझ्या लेकाचं हाय. म्हन."

सिस्टरनं डोळे मिटले. बराच वेळ काही आलं नाही. मग ती म्हणाली, "प्रभो, जयवंत गेला. त्याची आई इथं आहे, तिला दम लागतोय. तिला त्याचं तोंड दिसलं नाही, ते माझ्यामुळं. तिला सांभाळ."

एवढंच. पुढं काही सुचलं नाही, आणि तिनं शोधलंही नाही. म्हातारी "आमेन" म्हणाली आणि पाणी मागितलं.

आठवड्यात अंजनाबाई गेली. जाताना नलिनी उशाशी होती आणि सिस्टर पायाशी. माफ केलं असं ती म्हणाली नाही.

उन्हाळ्यात नलिनीनं पार्कसाईटची खोली सोडली. नाशिकला भावाजवळ तिला काम मिळत होतं. सिस्टर सामान बांधायला गेली. टेम्पोत भांड्यांचं पोतं चढवून झाल्यावर नलिनी म्हणाली, "सिस्टर, खोटं कशाला बोलू. माझ्या मनातून ते अजून गेलेलं नाही."

"बरं."

"पण तुम्ही यायच्या, ते चांगलं होतं." एवढं बोलून ती पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसली.

मग दुपारी पुन्हा रिकाम्या झाल्या. चर्चमध्ये सिस्टरला प्रार्थना सांगायची सवय लोकांची मोडली होती. बुधवारी आता प्रेमा पाटोळे प्रार्थना करायची, बरी करायची. पाळक साहेबांनी एकदा विचारलं, "आता मन शांत झालं ना, सिस्टर?" ती म्हणाली, "नाही साहेब. पण पूर्वी मला ते स्वच्छ वाटायचं, आता तसं वाटत नाही." साहेबांना दुसऱ्या मंडळीला जायचं होतं, ते गेले.

एके दिवशी जेवण झाल्यावर सिस्टरनं चप्पल घातली आणि टेकडीच्या वाटेला लागली. पाय आपोआप निघाले. पार्कसाईटला पोचली तेव्हा त्या दारावर नवा पडदा होता, आत कुकरची शिट्टी होत होती. एक पोरसवदा बाई बाहेर आली. तिचं पोट पुढं आलं होतं, सातवा-आठवा असावा.

"कोण पाहिजे?"

"कोणी नाही," सिस्टर म्हणाली. "चुकून आले." आणि नर्सच्या सवयीनं म्हणाली, "पायांना सूज आहे तुझ्या. दवाखान्यात दाखव. मीठ कमी खा."

बाईनं पायांकडे बघितलं, मग तिच्याकडे. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

परतीच्या वाटेवर सिस्टर एका दगडावर टेकली. खाली कारखान्यांची पत्र्याची छपरं उन्हात तळपत होती, लांबवर खाडीकडे धूसर झालं होतं. वाटेवर माणूस नव्हतं. तिनं त्या बाईसाठी प्रार्थना केली. नाव माहीत नव्हतं, म्हणून नुसतं "ती" म्हणाली. तिचं बाळंतपण नीट होऊ दे. सूज उतरू दे. दोन्ही जीव सुखरूप सुटू देत. मग ती उठली, साडीला लागलेलं गवत झटकलं आणि उतार सांभाळत घरी निघाली.